ओढता कट

माझं अक्षर किडमिडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं. शिकले चौथीपर्यंतच. चुकलं तिथं सांभाळून घ्यावं.

आमचे मिस्त्री, निरवांगीचे तात्या, मशीन सुरू करण्याआधी टेबलाचं हँडल मागंपुढं हलवून बघायचे. पोरं म्हणायची, तात्या म्हातारीची नाडी बघतात. म्हातारी म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधली मिलिंग मशीन. तिचा स्क्रू झिजला होता, टेबल सैल झालं होतं.

म्हणून तात्या कटरच्या फिरण्याविरुद्धच जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, घालायचे. कटर फिरतो त्याच दिशेनं घातला तर काम गुळगुळीत निघतं, पण सैल टेबलाला कटर हिसका देऊन ओढतो. "रेटलं तर ऐकती ती. वढ दिली तर आपल्यालाच घिऊन जाती," असं ते म्हणायचे. मात्र विरुद्ध कटानं लोखंडाच्या कडेला धारदार बर, बारीक काट्यांसारखी, राहायची. ती कानशीनं घासायचं काम माझं. जॉब माझ्यापुढं ठेवताना तात्या ओशाळायचे, जणू ते काटे त्यांनीच पेरले होते.

चौऱ्याण्णवच्या थंडीत माझे तळवे फुटले. मी कुणाला बोलले नाही. मला चारचौघांत बोलताच येत नाही. पण कानशीच्या मुठीवरचं रक्त त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी टेबलाचे बोल्ट आवळून त्यांनी कटरच्याच दिशेनं, ओढता कट घेतला. पहिले जॉब आले. कडेवरून बोट फिरवलं, काहीच टोचलं नाही. वर पाहिलं तर तात्या हसत होते.

पुढच्याच जॉबला टेबल हिसकलं. कटर फुटला, शाफ्ट वाकला.

"तात्या, तुम्ही? पोरांना तर तुम्हीच नको म्हणता," मालक म्हणाले.

मी पुढं होऊन सांगितलं, माझ्या हातांसाठी केलं त्यांनी. त्या वर्कशॉपात मोठ्यानं बोललेलं माझं तेवढं एकच वाक्य.

"तिचं काय ऐकताय, मालक. मलाच हौस आली," तात्या म्हणाले.

मालकांनी त्यांना कामावरून काढलं, वर खर्चही भरायला सांगितला. मग तात्या गावाकडं दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायला जाऊ लागले. आमच्या पगाराच्या दिवशी एसटीनं यायचे, जमतील तेवढे पैसे मालकांना द्यायचे आणि दारातच माझ्याबरोबर चहा घ्यायचे. आजारी बहिणीबद्दल विचारावं तसं विचारायचे, "म्हातारी बरी हाय का?" मी बरी आहे म्हणायचे. ती भंगारात गेली होती.

एकदा आले ते खुशीत. "फिटत आलं, पोरी. आज शेवटचं."

मी मान हलवली. अजून थोडं बाकी असतं तर, असं माझ्या मनात आलं. मालकांनी नोटा मोजल्या. सगळे पैसे फिटले.