एकेचाळीस नंबरची हडळ

आयुष्यात मी चोरी एकदाच केली, आणि तीही माझ्याच तोंडाची. वय बत्तीस, दोन मुलांची आई, चाळीतल्या नळावरच्या भांडणांचा निवाडा करणारी मोठी शहाणी बाई... आणि नणंदेच्या बिस्किटांच्या डब्यातून पत्त्याएवढा एक पुठ्ठा उचलून ब्लाउजमध्ये दडवला. का, तर त्यावर एक हडळ काढली होती आणि तिला माझं नाक होतं. नाक, हनुवटीवरचा तीळ, वर मोकळे सोडलेले केस. मी पत्ता उलटूनसुद्धा पाहिला नाही. रागाला मागची बाजू बघायची सवय नसते, माझ्या रागाला तर नव्हतीच.

ती नणंद, शकू, गेली त्याला सहा आठवडे झाले. बदलापूरहून तिच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी नातीच्या डब्यासाठी भेंडी परतत होते. भेंडी करपली. शकू असती तर म्हणाली असती, "वहिनी, निमित्त कशाला? तुझी भेंडी रोजच करपते."

आमच्याकडे आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. सासर कायमचं सोडून, पत्र्याची पेटी घेऊन, न कळवता. अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या. दार मी उघडलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, रॉकेलवाला आला. आमचे हे, म्हणजे तिचा दादा, आत खाटेवर बसून चार लोक काय म्हणतील त्या चार लोकांची यादी करत होते. मी दारात काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी थोर बोलले असणार, असं पुढे मी बऱ्याच जणींना सांगितलं. ते सोडून द्या.

मग शकू मोरिवलीच्या एका खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागली. मशीनमधून पडणारे पुठ्ठ्याचे तुकडे घरी आणायची आणि संध्याकाळी खिडकीत बसून त्यांचे पत्ते कापायची. त्यातून तिने एक अख्खं राज्य उभं केलं... सात दारांचं राज्य. तीन शेपटांचा अजगर, धूर खाणारा राक्षस, रोज रंग बदलणारी नदी (ती काही तिला कल्पनेने काढावी लागली नाही, कारखान्यांच्या पाण्याने रंगलेली वालधुनी आम्ही रोजच बघत होतो). प्रवासी सातही दारं ओलांडून निघतात, वाटेत पत्ते उचलतात, फासे टाकतात, कोणी दगड होतो, कोणी बेडूक. फाशांसाठी ती उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन पलंगाच्या पायांचे उरलेले तुकडे घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "दीदी, इतनी सी लकडी का क्या बनाओगी?" ही म्हणाली, "नसीब." तापवलेल्या खिळ्याने ठिपके डागले. त्यातला एक फासा आजही दोनदा टाकला की एकदा पाचच दाखवतो.

तिची एक रीत होती. मनाने चेहरा काढायचाच नाही. समोर माणूस हवा, आणि त्याला कळता कामा नये. अजगर म्हणजे आमच्या सासूबाई, दुपारी घोरताना. राक्षस म्हणजे तिच्या कारखान्यातला सुपरवायझर. मी हे ओळखून पोट धरून हसले होते. पण खिडकीत तांदूळ निवडताना माझीही पाळी लागली, हे कळलं तेव्हा हसू कुठच्या कुठे गेलं.

पत्ता गेल्यावर शकूने घर पालथं घातलं. डबे, गाद्या, पोरांची दप्तरं. मीही तिच्याबरोबर शोधत होते, चांगली घाम गाळून. चार दिवसांनी ती म्हणाली, "वहिनी, दहा मिनिटं खिडकीत बस ना." मी म्हटलं, "मला कामं आहेत." पुन्हा हडळच काढणार ना! तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तेव्हापासून खेळ संपेना. शेवटच्या दारापाशी सगळे अडायचे. हरवलेला पत्ता त्याच दाराचा, आणि तो काय करतो हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. खेळणाऱ्याने ते पोचल्यावरच वाचायचं होतं. मग तिने नवा नियम केला, तिन्ही फाशांवर सहा पडले तर दार उघडेल. तो जमेना. दुसरा केला, तिसरा केला, वह्या भरल्या. पोरं कंटाळून उठून जायची. एक दिवस तिने डबा सुतळीने बांधला आणि माळ्यावर टाकला. म्हणाली, "सातवी शिकलेल्या बाईने राज्यं उभी करू नयेत, वहिनी." तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिला चहा दिला.

पत्ता मात्र फाडला नाही. लोखंडी कपाटात कागदाखाली ठेवला. नाक तसं बरं काढलं होतं.

आम्ही पालेगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये आलो, शकूने नोकरी सोडल्यावर बदलापुरात खोली घेतली. डबा सामानासोबत आमच्याकडेच आला. यंदा तो माझ्या नातीला, तन्वीला, सापडला. पोरगी वेडीच झाली. "आजी, हे प्रिंट करायचं! प्रॉपर बॉक्समध्ये!" पत्ते मोजले. साठ हवेत, एकोणसाठ. तिने स्पीकरवर फोन लावला. पलीकडून शकू दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "एकेचाळीस नंबर ना? तो गेला बाळा, तीस वर्षं झाली. त्याच्याशिवाय नाही जमत तो खेळ. मलाच पुरता जमला नाही."

त्या दुपारी मी कपाटातला कागद उचलला आणि पहिल्यांदा पत्ता उलटला. मागे शकूच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "हिला भिऊ नये. इथे पोचलेल्याने फासे टाकू नयेत. चपला आत काढाव्यात. खेळ संपला."

दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेले. ती उशीला टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी पत्ता तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, "मी चोरला. नाकावरून."

तिने चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. "तीस वर्षं, वहिनी?"

"तीस."

"आणि मी समजत होते, माझंच डोकं कमी पडलं..."

त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पदराने नाक पुसलं, तेच ते नाक, आणि जरा चिडूनच विचारलं, "पण हडळच का गं? एखादी राणी करायचीस मला."

मग मात्र ती हसली. नळी निघेपर्यंत हसली, मी ती पुन्हा बसवली.

डबा आता माझ्या पलंगाखाली असतो. साठ पत्ते, तीन फासे, त्यातला एक लबाड. रविवारी तन्वीच्या मैत्रिणी येतात, दुपारभर बेडूक होतात, दगड होतात, आणि कुणीतरी सातव्या दाराशी पोचली की सगळ्या मिळून ओरडतात, "चपला आत!" मी स्वयंपाकघरात असते. हातातलं काम थांबतं, आणि बदलापूरच्या त्या दिवशीचं शकूचं बोलणं जसंच्या तसं ऐकू येतं:

"राणी कशी करणार? त्या दिवशी दार उघडलंस तेव्हा केस पिंजारलेले, काजळ गालापर्यंत, हातात लाटणं. मी घाबरून परत फिरणारच होते. तू किती दिवस ते विचारलं नाहीस, कारण विचारलं नाहीस. म्हणालीस, 'चपला आत काढ, बाहेर कुत्रं पळवतं.' तेव्हा कळलं मला, आता मी इथेच राहणार."