आबांसाठी बारीक दळलेला कोंडा

मंडळी, आज डॉक्टरांनी मला बद्धकोष्ठावर गव्हाचा कोंडा सांगितला. मी विचारलं, "बारीक दळून घेऊ का?"

"नको आजी. जाडा कोंडा पाणी जास्त धरतो, पोट त्यानंच साफ होतं. भिजवून खा."

मला तिथंच रडू आलं.

पवनेचं धरण बांधत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या कान्हे गावात माझे सासरे, आबा, अंथरुणाला खिळले होते. वैद्यांनी हाच कोंडा दिला होता. आबांना दात नव्हते, म्हणून मी तो जात्यावर पिठासारखा दळायची. पोट काही मोकळं व्हायचं नाही. कुंथून घामाघूम झाले तरी आबा म्हणायचे, "लय मऊ केलंस गं पोरी."

तशाच हालात ते गेले.

नुसता भिजवला असता तरी चाललं असतं. मायेपोटी तुमच्या हातूनही असं काही झालंय का?