डावखुऱ्या माणसांचा पिक्चर

आमच्या कॉलेजात दर बुधवारी लेक्चर संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सिनेमा दाखवतात. दहा-बारा जण येतात. सिनेमा सुरू होण्याआधी एक जण उभा राहून पाच मिनिटं बोलतो. सिनेमा कशाबद्दल आहे, बघताना कशाकडे लक्ष द्यायचं, एवढंच. गेल्या वर्षी हे काम तिसऱ्या वर्षाची एक ताई करायची. ती पास होऊन गेली आणि जागा रिकामी झाली. मला ती हवी होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही मोठं नव्हतंच. पण आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतसुद्धा पोचलेलं नाही. माणसं बसली आहेत, आपण उभ्या आहोत आणि ती आपलं ऐकतायत, असं आमच्या घरातल्या कुणाच्या वाट्याला आलेलं मी पाहिलेलं नाही. माझी आई पनवेलजवळ नेऱ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर झाडलोट करते. ती मालकांसमोर उभी असते, पण ते ऐकून घ्यायला.

पहिलं वर्षभर मी त्या खोलीत दाराजवळ बसले आणि फारसं बोलले नाही. बाकीच्यांचं मात्र सिनेमाआधी आणि नंतर एकच चालायचं, तुझा ऑल टाइम फेवरेट कोणता. नवीन पनवेलची एक मुलगी होती, चष्मेवाली, माझ्याच वर्गातली. तिच्याकडे वहीच होती. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला दहापैकी मार्क. तिचे आवडते सिनेमे ज्या देशांचे होते त्यातले दोन मला नकाशात शोधावे लागले. उरणचा एक मुलगा होता, कोळ्यांचा. तो दर वेळी एकाच विनोदी सिनेमाचं नाव घ्यायचा.

“अरे, काहीतरी दुसरं सांग ना यार,” चष्मेवाली वैतागायची.

“का सांगू? त्यात कोन मरत नाय. आमचा बाप बोटीवरना आला का तोच लावतो. दहा मिंटात घोरतो. याला म्हनतात पिक्चर.”

मला विचारलं की मी म्हणायचे, “अजून ठरलं नाही.”

खरं तर ठरलेलं होतं. त्या सिनेमाचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून मी बोलत नव्हते.

यंदा जूनमध्ये, हे सिनेमे दाखवणाऱ्या सरांनी सांगितलं, ज्याला बोलायचं काम हवंय त्यानं आपल्या सगळ्यात आवडत्या सिनेमावर दहा मिनिटं बोलायचं. कागद नाही, मोबाइल नाही. “डोळ्यासमोर जे आहे तेच सांगा,” ते म्हणाले. चष्मेवालीनं हात वर केला. मग मी केला. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अरे वा.” मला ते ‘अरे वा’ थोडं लागलं, पण आनंदही झाला.

तो सिनेमा मी लहानपणी तीन वेळा पाहिला. आमची आदिवासी वाडी डोंगराच्या अंगाला आहे आणि गाव खाली. गावाच्या देवळासमोर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोन बांबूंना पांढरं कापड बांधून पिक्चर दाखवायचे. मंडळाच्या पोरांचा तो लाडका असावा, कारण तीन वर्षं तोच लावला. आम्ही वाडीतली माणसं कामं आटपून, भाकऱ्या बांधून खाली उतरायचो, तोवर नाव येऊन गेलेलं असायचं. आम्ही त्याला टेम्पोवाल्याचा पिक्चर म्हणायचो.

एक टेम्पोवाला असतो. लोकांची घरं बदलताना सामान वाहतो. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, तिचं नवं कपाट तोच पोचवतो. वर्षभरानं तेच कपाट तो परत आणतो, आणि बहीण पुढच्या सीटवर बसलेली असते. घरासमोर टेम्पो थांबतो. तो दोरी सोडायला लागतो आणि खूप वेळ लावतो. गाठ सुटलेली असते तरी सोडत राहतो. मला सातव्या-आठव्या वर्षीही कळलं होतं की तो तिला डोळे पुसायला वेळ देतोय. मग आत आई तिला हातानं घास भरवते. डाव्या हातानं.

मी डावखुरी आहे. आश्रमशाळेत गुरुजींनी पहिल्या आठवड्यात माझ्या डाव्या हातावर पट्टी मारली आणि पेन्सिल उजव्यात दिली. जेवताना तर डावा हात पुढं झाला की शेजारच्या मुली ताट सरकवायच्या. अजूनही मी उजव्या हातानं हळू लिहिते, पेपर पुरा होत नाही. आणि त्या पिक्चरमध्ये सगळेच डावखुरे होते. टेम्पोवाला डाव्या हातानं जेवायचा, त्याची आई डाव्या हातानं भरवायची, भटजी डाव्या हातानं अक्षता टाकायचे, आणि त्यांना कुणीच काही म्हणायचं नाही. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर होता. माझ्या मावशीनं ठरवून टाकलं होतं की ही माणसं गुजरात्यांची. मला वाटायचं, असा एखादा मुलूख असणार. मोठी झाल्यावर असा मुलूख नसतो हे कळलं, पण मग मला वाटायला लागलं की सिनेमा करणाऱ्यानंच हे मुद्दाम केलंय. एक अख्खं जग डावखुरं करायचं आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

त्या बुधवारी मी हेच बोलले. दोरीचं सांगितलं. उरणचा पुढं वाकून ऐकत होता. मग मी डाव्या हाताचं सांगायला लागले आणि उत्साहात म्हणाले, “दिग्दर्शकानं इतकं बारीक पाळलंय की टेम्पोचं स्टेअरिंगसुद्धा डाव्या बाजूला आहे.”

“डाव्या?” उरणचा म्हणाला. “मंग टेम्पो दुबयवरना आनला काय?”

सगळे हसले. मीही हसले.

“एक मिनिट,” चष्मेवाली म्हणाली. “कपाट परत आणतो तो? अगं, मला माहितीये हा! पाहिलाय मी. सात मार्क दिलेत.” तिनं सिनेमाचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी मला ते नाव पहिल्यांदा कळलं, आणि ते अगदी साधं होतं. “पण तो डावखुरा नाहीये.”

“आहे,” मी म्हणाले.

“नाहीये गं. शप्पथ.”

“मी तीन वेळा पाहिलाय.”

सर म्हणाले, लावूनच बघू. त्यांनी लॅपटॉपवर शोधला आणि मोठ्या पडद्यावर लावला. टेम्पो आला. स्टेअरिंग उजवीकडे होतं. आई बहिणीला भरवत होती, उजव्या हातानं. पदर डाव्या खांद्यावर, आपल्याकडच्या सगळ्या बायका घेतात तसा. मी उभीच होते. कुणीतरी मागून म्हणालं, “भाई, ही कुठला व्हर्जन बघून आलीये?” पुन्हा हसले.

“हसू नका रे,” उरणचा म्हणाला. “हाताचं काय घेऊन बसलाव? दोरीचं बोलली ते बघा ना.”

पण सर माझ्याकडे बघत होते. “तू हा कुठे पाहिलास?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जत्रेत, कापडावर. “आणि तुम्ही कुठे बसायचात?”

मला ते सांगेपर्यंत खरंच कळलं नव्हतं. मी म्हणाले, “मागं.”

“पडद्याच्या मागे?”

“हो. गावची माणसं पुढं बसायची. आम्ही मागच्या बाजूला.”

कापडाच्या मागून डावं ते उजवं दिसतं, हे सगळ्यांना एकदमच कळलं. कोणी हसलं नाही. इतकं कोणी हसलं नाही की त्यापेक्षा मघाचं हसणं बरं होतं. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. सर हळूच म्हणाले, “काय विलक्षण आहे हे.” ते दोनदा म्हणाले. माझी दहा मिनिटं संपली नव्हती. मला शेवटाविषयी बोलायचं होतं, पण कुणी पुढं बोल म्हणालं नाही आणि मी बसले.

रविवारी घरी गेले तेव्हा आई अंगणात लाकडं फोडत होती. मी तिला विचारलं, आपण पडद्याच्या मागं का बसायचो.

“मागं वारा लागं चांगला.”

“आई, खरं सांग ना.”

“मंग काय खोटं? पुढं धूळ किती उडं.”

“पुढं बसू नका असं कुणी म्हणालं होतं का?”

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. “कोन म्हनंल? कोनी नाय म्हनलं. आपुनच बसलो.” मग म्हणाली, “तुला दिसत नवता का तिथना? तू तर डोलं फाडून बघं.”

मी म्हणाले, दिसायचा, चांगला दिसायचा. ती पुन्हा लाकडं फोडायला लागली. कुणी नको म्हणालं असतं तर मला कुणावर तरी रागावता आलं असतं. आईवर रागावणं जमलं नाही, आणि गावातल्यांना आठवतसुद्धा नसेल की मागं कुणी होतं.

बोलायचं काम चष्मेवालीला मिळालं. सरांनी मला स्टाफरूमच्या बाहेर बोलावून नीट समजावलं. “तिचं वाचन आहे, संदर्भ आहेत. हे काम तसं कोरडं आहे गं. तुझ्याकडे जे आहे ते वेगळं आहे. ते असं पाच-पाच मिनिटांत वाया घालवायचं नाही.” त्यांनी एक कार्यक्रम ठरवला होता. कॉलेजच्या मैदानात कापड बांधायचं, तोच सिनेमा लावायचा, आणि सगळ्या प्रेक्षकांना मागच्या बाजूला बसवायचं. आधी मी माझा अनुभव सांगायचा. ते मनापासून बोलत होते. मला नाही म्हणता आलं नाही. सरांना आपण नाही कसं म्हणायचं, ते मला अजून येत नाही.

चष्मेवालीला वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, “ऐक ना, मी तुला तो पिक्चर उलटा करून देऊ? ॲपमध्ये होतं, दोन मिनिटांचं काम आहे.” तिनं खरंच करून पाठवला. वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत टाकले होते, तिथं सावलीत बसून मी तो मोबाइलवर लावला. आई डाव्या हातानं भरवत होती. स्टेअरिंग डावीकडे होतं. पण टेम्पोवरची अक्षरं उलटी होती, दुकानांच्या पाट्या उलट्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागं जात होते. लहानपणी ही अक्षरं मला वाचता येत नव्हती, आता येतात. तो डावखुऱ्या माणसांचा पिक्चर नव्हता. उलटा केलेला पिक्चर होता. अर्ध्या तासात बंद केला. सुलटा लावून पाहिला, तर त्यात मी कुठेच नव्हते. तोही बंद केला.

कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं आली. मागच्या बाजूला सतरंज्या अंथरल्या होत्या, पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या. मी बोलले. दोरीचं मी भाषणात दोनदा घातलं होतं, सरांनी एकदा काढायला लावलं, वेळ कमी होता म्हणून. टाळ्या खूप वाजल्या. तळोज्याहून आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्या रडल्या. मुलं पडद्याच्या मागं बसून फोटो काढत होती. आईला बोलवा असं सर म्हणाले होते, पण मी तिला तारीख सांगितली नाही. तिनं तिथं येऊन कुठे बसायचं, ते माझं मला ठरवता येईना.

उरणचा तेवढा सिनेमा संपल्यावर माझ्याकडे आला. “बोलायचं काम तुला भेटायला पायजे होतं,” तो म्हणाला.

“हं.”

“आता नाय भेटनार.”

“माहितीये.”

त्यानं खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढं धरली. आम्ही ते खाल्ले आणि तो उरणची शेवटची गाडी पकडायला पळाला.

मी अजून बुधवारी जाते. चष्मेवाली चांगली बोलते. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या घड्याळजीचा परदेशी सिनेमा होता. त्यात तो मुलाशी भांडण झाल्यावर दुकानात येतो आणि कामाला लागण्याआधी चष्म्याची काच तीन वेळा पुसतो, तिसऱ्या वेळी ती आधीच स्वच्छ असते. मला त्यावर बोलायचं होतं. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. चर्चा सुरू झाली, एकेकाची पाळी आली. छायाप्रकाश, संगीत, शेवट, सगळं बोलून झालं. मग सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळताना आता नेहमी मऊ होतो.

“आणि तुमच्या वाडीत,” ते म्हणाले, “तुमच्याकडची माणसं हा सिनेमा कसा बघतील गं?”

सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी काचेचं सांगणार होते. पण विचारलं होतं ते दुसरंच.

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

“बरं, विचारून सांग,” सर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्याला विचारलं, “तुला काय वाटलं?”