डोळ्यांखालचं काळं आणि आमच्या अक्का

आमच्या अक्कांना भेटायला गेलेली बाई वाकून नमस्कार करू लागली, की अक्का तिला अर्ध्यावरच थांबवत. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढत आणि म्हणत, "वर देख." आतला रंग लाल दिसला तर नमस्कार स्वीकारला जाई. फिका दिसला तर आशीर्वादाऐवजी चौकशी सुरू होई. लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाला, एकदा तर धुळ्याच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईवरही त्यांनी हा प्रयोग केला होता. ती बाई घाबरली. अक्का नाही घाबरल्या.

रेवा, परवा व्हिडिओ कॉलवर तू डोळ्यांखालची वर्तुळं दाखवून "आजी, काहीतरी घरगुती उपाय सांग" म्हणालीस. ईशान हसला, पण त्याचीही वर्तुळं मला दिसली. उपाय सांगते, पण ज्यांच्याकडून मी तो शिकले, त्यांना तुम्ही फारसं ओळखत नाही. म्हणून आधी त्या. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. धुळ्याला देवपुरात एकट्या राहत, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही.

गंमत अशी, की खुद्द अक्कांच्या डोळ्यांखाली जन्मभर काळी वर्तुळं होती. साधी नव्हेत, काजळ घालून रडल्यावर दिसतील तशी. माझे सासरे, म्हणजे अक्कांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांचेही डोळे तसेच होते. भाऊबीजेला कोणीतरी नव्या क्रीमचं नाव काढलं, तेव्हा अक्का भावांकडे बघत म्हणाल्या, "ही माझ्या बापाची इस्टेट आहे. यांनी जमीन घेतली, मी ही घेतली. आता तीही पुसून टाकू?" दोन्ही भाऊ करंजी खाण्यात एकदम गुंग झाले.

धुळ्याच्या एका दुकानात क्रीम विकणारी मुलगी त्यांना म्हणाली, "मॅडम, हे लावलं की दहा वर्षांनी तरुण दिसाल." अक्का म्हणाल्या, "दहा वर्षांपूर्वीही ही वर्तुळं इथेच होती गं. वीस वर्षांपूर्वीही. तरुण होते तेव्हाही होती." मुलगी खळखळून हसली. अक्कांनी लगेच तिची पापणी ओढली.

त्यांचं एक वाक्य सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं : "काही वर्तुळं आलेली असतात, काही आणलेली." आलेली म्हणजे आईबापाकडून आलेली, ती मिरवायची. आणलेली म्हणजे जागरणाची, अर्धपोटी राहण्याची, रक्त कमी असण्याची, धुळीने खाज सुटते म्हणून डोळे चोळत बसण्याची. ती झाकायची नाहीत, त्यांचं कारण शोधायचं. बटाट्याचा रस, बदामाचं तेल, फ्रीजमधले थंड चमचे या सगळ्याला त्या "वरची रंगरंगोटी" म्हणत. गार पाण्याच्या घडीने सूज उतरते, बरं वाटतं, एवढं त्यांना मान्य होतं. पण काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडलेल्या माणसाला बघून त्यांचा जीव कळवळे. "अगं, मीठ-दही घाल आणि खा ती!"

हे नुसतं हसण्यावारी गेलं असतं, तर मी लिहीत बसले नसते. पण अश्विनीचं झालं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

अश्विनी म्हणजे तुमच्या नाना आजोबांची, अक्कांच्या दुसऱ्या भावाची, सून. नाना आणि त्यांची बायको शोभा शिरपूरजवळच्या गावी राहतात. कापसाची शेती, मोठं घर, सतत येणंजाणं. अश्विनी लग्न होऊन आली, त्यानंतर वर्षभरात तिच्या डोळ्यांखाली काळं उतरलं. शोभाने तिला काही छळलं नाही, हे मी आधीच सांगते. उलट रोज संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने सुनेच्या डोळ्यांखाली बटाट्याचा रस लावी. सुरतेहून क्रीम मागवलं होतं. फक्त त्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवते, उरलेलं जेवते आणि सगळ्यांत आधी उठते. शोभाचंही तसंच झालं होतं, तिच्या सासूचंही. त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

एका उन्हाळ्यात अक्का आणि मी बिबड्यांसाठी तिथे गेलो. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, घोटायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं आणि गच्चीवर वाळत घालायचं. ऊन चढायच्या आत सगळं उरकायला हवं, म्हणून बायका पहाटेपासून चुलीपाशी असतात. अश्विनी गच्चीवर खेपा घालत होती. एका खेपेला ती जिन्यातच बसली, भिंतीला डोकं टेकून. ओठ पांढरे.

अक्का जिना चढून गेल्या. अंगठा लावला. "पोरी, वर देख." मग खाली बघून ओरडल्या, "शोभा, इकडे ये! हिचं रगत कोठे गयं वं?"

शोभा हात पुसत आली. "अक्का, तिचे डोळे तसेच शेतस, पहिल्यापासून. तुमचे नाहीत का?"

"माझे आलेले. हिचे आणलेले. आजच्या आज धुळ्याला नेऊन रक्त तपासायचं."

"बिबडे होऊ द्या ना. मग दाखवू."

"बिबड्यांनंतर पापड, पापडांनंतर कुरडया, मग तुझ्या भाचीचं लग्न. मला माहीत आहे तुझं कॅलेंडर."

शोभा पुन्हा चुलीकडे वळली. काम चालूच राहिलं. दुपारी पानं मांडली गेली. आबांनी त्या घरात एक रीत घालून दिली होती : थोरली लेक माहेरी आली, की पहिलं ताट तिचं. तिने घास घेतल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही. आबा गेले, रीत राहिली. अक्का येऊन बसल्या, नाना बसले, अश्विनीचा नवरा बसला, शेतावरून आलेली पाहुणेमंडळी बसली. आमरस-पोळी होती, तळलेल्या कुरडया होत्या. अक्कांनी ताट पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले.

"अश्विनीचं ताट माझ्या शेजारी मांडा. ती जेवली की मी जेवते."

कोणी हलेना. नाना हळूच म्हणाले, "अक्का, पाहुणे बसेल शेतस."

"बसू दे. मी कुठे उठवते आहे?"

स्वयंपाकघराच्या दारामागून अश्विनीचा रडवेला आवाज आला. "अक्का, मी नंतर जेवते ना. मला सवय आहे."

"तीच सवय डोळ्यांखाली बसलीय तुझ्या."

पाहुण्यांपैकी एकजण खोकला. पोळ्या गार होत चालल्या. नानांचा आवाज चढला. "अक्का, आता पुरे. आमरस काळा पडायला लागला!"

अक्का त्यांच्याकडे वळल्या. "वाटीतला रस काळा पडला तर तुला घाई झाली, नाना. पोरीच्या डोळ्यांखाली वर्षभर काळं पडत होतं, तेव्हा कोणाला घाई नव्हती."

 मग अश्विनीचा नवरा उठला. आत गेला, स्वतः ताट वाढून आणलं, अक्कांच्या शेजारी ठेवलं आणि बायकोला हाताला धरून आणून बसवलं. ती सासऱ्यांसमोर मान खाली घालून जेवली. घास गिळताना रडत होती, पण जेवली. तिने दुसरी पोळी संपवल्यावर अक्कांनी पहिला घास घेतला. शोभा त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का अश्विनीला धुळ्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "ही इथवर चालत आली?" अश्विनीला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणखी थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर हृदयावर ताण आला असता, असं ते म्हणाले. पुढचे दोन-तीन महिने ती देवपुरात राहिली. गावात कुजबुज झाली, की नणंदेने भावजयीची सून पळवली. अक्कांनी निरोप धाडला, "हो, पळवली. धडधाकट झाली की परत करते."

तिथे डोळ्यांना काहीच लावलं नाही. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या होत्या, आणि गोळीच्या आगेमागे चहाला सक्त बंदी. अळिवाचे लाडू, पालेभाजी, वरणावर लिंबू आणि दुपारी दार लावून झोप. दारावर कोणी आलं तर अक्का सांगत, "ती कामात आहे." काम म्हणजे झोप. हळूहळू काळं ओसरलं. थोडं राहिलं. "तेवढं तुझ्या आईचं असेल," अक्का म्हणाल्या, "असू दे."

शोभा मात्र अक्कांशी वर्षभर बोलली नाही. चारचौघांत घराची लाज काढली, असं तिचं म्हणणं होतं. मी मध्यस्थी करायला गेले तर अक्का म्हणाल्या, "तिला रागावू दे, सुधा. तिच्यासाठी कोणी ताट अडवलं नव्हतं, त्याचा राग आहे तो. मी तो घ्यायला तयार आहे."

म्हणून रेवा, मी तुला क्रीमचं नाव पाठवणार नाही. तुझी वर्तुळं पणजोबांकडून आली असतील तर आरशाला घाबरू नकोस. पण आधी रक्त तपासून घे, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोप. ईशान, तूही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. त्यांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, देवपुरात खूप माणसं जमली. शाळेतल्या कितीतरी मुली, ज्या आता स्वतः आज्या झाल्यात, त्याही आल्या. शोभा माझ्या शेजारी बसली होती. शिरपूरकडच्या एका नातेवाईक बाईने अश्विनीकडे निरखून बघत शोभाला विचारलं, "सून छान दिसते हो आता. काय लावता तिच्या डोळ्यांना?"

समोरच पुरुषांची बैठक होती. नाना होते, गावचे चार मोठे लोक होते. शोभाने पदर सावरला.

"काहीच नही," ती म्हणाली. "ती आते बठ्ठास्ना पहिले जेवस, सगळ्यांच्या आधी. आमच्या अक्कांनी भांडून बसवलं तिला."

आणि हे सांगताना तिने आवाज जराही खाली घेतला नाही.