त्रेचाळिसावा पेशंट

धाकट्या दिराला कंपनीत चिकटवलं ते वहिनीनंच. तीन वर्षांत तो तिचा साहेब झाला.

त्यांचं ॲप दवाखान्यांसाठी होतं. पेशंटची नोंद आणि सोबत एक्स-रे. ते मध्येच बंद पडू लागलं. दिराचा कोड उघडलेली नोंद फोनच्या मेमरीतून पुसून टाकायचा, वहिनीनं लिहिलेल्या स्क्रीनला त्याचा पत्ताच नसायचा. ती पुसलेली नोंद दाखवायला जायची आणि ॲप कोसळायचं. कोसळल्याच्या अहवालात नाव यायचं वहिनीच्या फाइलचं. दिरानं तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. वहिनीला घरचा व्याप फार, असंही मायेनं सांगितलं. टीमच्या प्रमुखाची जागा त्याला मिळाली, वहिनी टेस्टिंगला गेली. सासूबाईंनी ही बातमी सगळ्या नातेवाइकांना फोनवर दोनदोनदा ऐकवली, वहिनी शेजारीच भांडी पुसत असताना.

दिराचा इलाज सोपा होता. उघडलेली प्रत्येक नोंद त्यानं एका यादीत धरून ठेवली, म्हणजे पुसली तरी मेमरीतून जायची नाही. कोसळणं थांबलं. ती यादी रिकामी करायची मात्र राहून गेली. ऑफिसात दहाच्या वर पेशंट कोण उघडून बघतो? वहिनीनं बघितले. मेमरीचा आलेख दर पेशंटला चढायचा, उतरायचा नाही. त्रेचाळिसाव्याला मेमरी भरली आणि फोननंच ॲप बंद केलं. तिनं तीनदा करून बघितलं, तीनदा त्रेचाळीस.

त्या संध्याकाळी तिनं दिराला आग्रह करकरून वाढलं आणि अवाक्षर काढलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई ॲप बघायला आल्या. कंपनीचे मोठे साहेबही येऊन बसले. दिरानं दहा पेशंट झोकात उघडले.

"भावजी, अजून उघडा ना," वहिनी म्हणाली. "बाईंकडे दिवसाला शंभर येतात."

बाईंना ते पटलं. वीस झाले, तीस झाले. वहिनी वहीत रेघा ओढत होती. चाळिसाव्याला फोन चांगलाच तापला.

"वहिनी, पुरे की आता."

"तीनच राहिले."

तिनं आकडा उच्चारला तेव्हा त्याला कळलं, हिनं आधीच मोजून ठेवलंय. पण बाई बघत होत्या. त्यानं तीन उघडले आणि ॲप बंद पडलं.

वहिनीनं आलेख टेबलावर सरकवला. मोठ्या साहेबांनी वरची तारीख वाचली, आठवड्यापूर्वीची. सांगितलं का नाही म्हणून विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही."

दिराची जागा गेली. माहीत असून गप्प बसली म्हणून तिलाही मिळाली नाही. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. घरी बातमी आधीच पोचली होती, सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. वहिनीनं फोन आणून त्यांच्या हातात दिला.

"नातेवाइकांना कळवायचं असेल ना," ती म्हणाली आणि भांडी पुसायला बसली.