काशीशेठची पाटी

गिऱ्हाईक काउंटरला येऊन उभं राहिलं की "काय देऊ?" असं काशीशेठ कधी विचारत नसत. ते विचारत, "घरात आज रांधलंय काय?" वाइन शॉपच्या मालकाने असं विचारल्यावर नवखा माणूस गांगरून जाई. सुकट असेल तर ते एक बाटली काढत, कोंबडी असेल तर दुसरी. वालाचं बिरडं असेल तर मात्र म्हणत, "मंग आज काय नको. बिरड्याची चव घालवशील. जा घरी." मुरबाडच्या बाजारात असा धंदा करणारा दुसरा माणूस नव्हता.

मी शहापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. मास्तराने आपल्याच गावातल्या वाइन शॉपची पायरी चढणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी एसटी पकडून मुरबाड गाठायचो. बरोबर एका जुन्या नकाशाची गुंडाळी असे, तिच्या पोटात बाटली बरोबर बसे. स्वतःच्या या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. पहिल्याच दिवशी काशीशेठनी गुंडाळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा मास्तर. मला येक सांगा, हा स्पेन कुठं आला?"

भानगड अशी होती, की माळशेजच्या रस्त्यावर फार्महाऊस असलेल्या कुणा साहेबांनी स्पेनच्या वाइनची पेटी मागवायला सांगितली होती. पेटी आली, साहेब काही परत फिरकले नाहीत. मी नकाशा काउंटरवर पसरला. स्पेन दाखवला, एब्रो नदी दाखवली, तिथला उन्हाळा किती कोरडा असतो ते सांगितलं. काशीशेठनी नदीवरून बोट फिरवलं. "म्हंजे आपल्या काळू नदीसारखीच. मे मयन्यात हिलाबी पानी घोट्यापरेंत." त्या दिवसापासून स्पेन त्यांना शेजारच्या तालुक्याइतका जवळचा झाला.

दुकानाबाहेर एक काळी पाटी होती. इतर दुकानदार तिच्यावर भाव लिहितात. काशीशेठ उन्हाळा उतरणीला लागला की मनात येईल ते लिहीत. "उकाडा. करवंदं संपत आली. माणूस चिडचिडा होतो, दोष माणसाचा नाही. स्पेनची लाल घ्यावी, ओल्या गोणपाटात गार करावी. सोबत भाजलेला बोंबील." एसटीची वाट बघणारी माणसं उभ्याउभ्या पाटी वाचत, हसत आणि बियर घेऊन जात. स्पेनच्या वाटेला कुणी जात नसे. काशीशेठना त्याचं काही नव्हतं. "वाचतात ना? मंग झालं," म्हणत.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः थेंबही घेत नसे. तरुणपणी काविळीतून मरता मरता वाचले, तेव्हा त्यांनी बायकोच्या हातात हात देऊन शब्द दिला होता. ते नुसतं बूच हुंगत. चव घ्यायचं काम माझ्याकडे असे. दुकानामागेच घर होतं. पडद्याआडून वहिनी आधी चहा पाठवत, मग आम्ही स्पेनला जायचो. एकदा घोट घेऊन मी म्हणालो, "पिकल्या करवंदासारखी आहे. आधी आंबट, मागून गोड." काशीशेठ इतके आनंदले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात पाटीवर अक्षरं झळकली : "स्पेनची लाल. चव पिकल्या करवंदाची. – शहापूरचे भूगोलाचे मास्तर." दुसऱ्याची चव आपल्या नावावर खपवणं त्यांच्या लेखी चोरी होती. पाटीची बातमी माझ्याआधी शहापूरला पोचली. संस्थेच्या कमिटीने मला अध्यक्षांच्या घरी बोलावलं. मी तिरमिरत मुरबाडला गेलो आणि काशीशेठना नको नको ते बोललो. त्यांनी पाटी सदऱ्याच्या बाहीने पुसली. "चुकलं मास्तर," एवढंच म्हणाले.

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांच्या ओट्यावर मी मान खाली घालून बसलो होतो. नोकरी जाणार हे दिसत होतं. धाकटी मुलगी दहावीत होती. "मास्तर, तुमीच सांगा. ती चव तुमी घेतली का?" अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच अंगणातून आवाज आला, "चव मी घेतली." इस्त्रीचा सदरा घालून काशीशेठ उभे होते. "मास्तरांनी नुसता नकाशा दाखवला. मी आपला भाव खायला त्यांचं नाव लिवलं."

"पण तुमी तर पीत नाय म्हनं? बायकोला शब्द दिलाय ना?"

"दिलावता. मोडला."

मी तिथे बसलो होतो. मला तोंड होतं, जीभ होती, स्पेनची चव सांगणारी. मी गप्प राहिलो. माझी नोकरी राहिली.

काशीशेठनी शब्द मोडला हे आठवड्यात सगळ्या मुरबाडला कळलं. वहिनींनी दुकानात चहा पाठवायचं बंद केलं. पुढची आठ वर्षं मी मे महिन्यात जात राहिलो. पाटीवर आता "एक जाणकार" असं लिहिलेलं असे. पडदा हलत नसे. काशीशेठ नकाशावर बोट फिरवत दुसरंच काहीतरी बोलत. त्यांचा संसार मी नासवला, हे मला दर खेपेला कळत होतं. दर खेपेला मी खरं सांगणं पुढच्या मे महिन्यावर ढकलत होतो.

ते गेल्याचं कळलं तेव्हाही मे महिनाच होता. दिवसकार्य झाल्यावर गेलो. दुकान अर्धं उघडं होतं, वहिनी काउंटरमागे बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "वहिनी, त्यांनी शब्द मोडला नव्हता. ती चव माझी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक हाय. येवढी वर्सं ज्याच्यासंगं काढली, त्याचं तोंड मला वळखायला येत नाय का?"

"मग चहा..."

"ह्यांनीच सांगितलेलं. रुसलेली ऱ्हा म्हनले. चहा धाडलास तर माझं खोटं लोकांना कळंल, मास्तरांची नोकरी जाईल. मी म्हनलं, कवापरेंत? तर म्हनले, मास्तर आपल्या तोंडानं सांगंल तवापरेंत. सांगंल तो, मानूस वाईट नाय."

मी काउंटरसमोर बसलो, दर मे महिन्यात बसायचो तिथेच. आठ उन्हाळे तो माणूस माझी वाट बघत होता आणि मी त्याला एब्रो नदी दाखवत होतो.

वहिनी उठल्या. पाटी आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, वर खडूचा तुकडा.

"आता लिवा. नावासकट लिवा," त्या म्हणाल्या आणि पडदा सारून आत वळल्या. "तवर मी चहा ठेवते."