दोन थापा

माझ्या आईनं साठीला टेकल्यावर स्कूटी शिकायला घेतली. तोवर तिनं सायकलसुद्धा कधी हातात धरली नव्हती. पण बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि रिक्षावाले काही दाद देईनात. सकाळी यायचं कबूल करायचे आणि ऐन वेळी फोन बंद. डायलिसिसची एक पाळी चुकली की बाबांचे पाय सुजायचे, धाप लागायची, आणि मी पुण्यात बसून नुसती रडायची. आई रडली नाही. म्हणाली, "ती तुजी गाडी पाठवून दे हिकडं."

शिकवायला मीच गेले. अहाहा, काय ते शिक्षण! ही शेतकऱ्याची लेक. गाडी थांबवायची वेळ आली की ब्रेक दाबायचं सोडून, बैलांना थांबवावं तसं तोंडानं "हो, हो" करायची. एकदा तशीच भाजीवालीच्या मेथीत घुसली. गुडघे फुटले, चार शिव्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिला गाडीची लई भीती वाटायची, हे मला फार नंतर कळलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते, कुर्डुवाडीला. गार्डाचा इशारा मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांनी स्कूटीलाही लावला. मागं बसून नीट सावरले की आईच्या पाठीवर दोन थापा मारायचे. मगच गाडी निघायची. आई कुरकुरायची, "जरा लवकर मारा की, उशीर व्हतोय!" पण थापा पडेपर्यंत हलायची मात्र नाही.

येताना बाबा पार गळून गेलेले असायचे, डुलक्या घ्यायचे. म्हणून आईनं त्यांना जुन्या साडीनं आपल्या कमरेला बांधायला सुरुवात केली. अख्खा सात रस्ता चौक वळून बघायचा. मला बाई लाजल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "बगू दे की. माजाच नवरा हाय, पळवून तर नेत न्हाय!" बाबा झोपेतच हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत तिनं त्यांची एकही पाळी चुकवली नाही. एवढं करूनही माणूस गेलंच, याचा मला अजून राग येतो.

दिवसकार्य उरकल्यावर बरेच दिवस गाडी अंगणात उभी होती. मग एका सकाळी आईच म्हणाली, "चल, भाजी आणू." तिनं गाडी सुरू केली, मी मागं बसले. गाडी हलेना. "चल की आई," मी म्हटलं. ती समोर बघत तशीच बसून राहिली, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"एवढ्या जोरात न्हाय मारायचे ते," आई म्हणाली, आणि गाडी निघाली.